युद्धोत्तर यंत्रमानवांची कॉमिक मालिका कशी रचावी : टाचणवहीपासून छपाईच्या फाइलपर्यंत

जाणीव आलेले यंत्रमानव आणि नुकतेच संपलेले युद्ध हा विषय घेऊन कॉमिक मालिका सुरू करणारे बहुतेक जण एकाच क्रमाने काम करतात. आधी नायक यंत्रमानवाचे देखणे चित्र होते, मग जळत्या शहराचे पहिले पान होते आणि कथेचा विचार त्यानंतर सुरू होतो. पहिला अंक जोरात जातो, दुसऱ्या अंकात पात्रे आपापल्या भूतकाळाविषयी लांबलचक बोलू लागतात आणि तिसरा अंक अर्धवट राहतो. चित्रकार किंवा लेखक कमी पडलेला नसतो. जे निर्णय आधी घ्यायला हवे होते, ते पाने रंगवून झाल्यावर घ्यावे लागतात, आणि तोवर बदल करण्याची सोय उरलेली नसते. पुढील टप्पे सुमारे सहा अंकांच्या मालिकेसाठी आहेत. लेखक आणि चित्रकार एकच असो वा दोन वेगळ्या व्यक्ती असोत, टप्प्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १ : युद्धाची टाचणवही तयार करणे

युद्ध संपल्यानंतरची कथा सांगायची असली तरी युद्धाची बाजू लेखकाला पूर्ण ठाऊक असावी लागते. त्यासाठी दोन पानांची एक टाचणवही करावी. ती कधीही छापायची नाही. तिच्यात पुढील प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत : कोण कोणाशी आणि कशासाठी लढले, लढाई कशाने थांबली (तहाने, शरणागतीने, की दोन्ही बाजूंकडचे इंधन संपल्याने), यंत्रमानव त्या युद्धात शस्त्र होते, सैनिक होते, हमाल होते की परिचारक, त्यांना आज्ञा कोण देत असे, आणि लढाई थांबल्यावर त्या आज्ञांचे काय झाले.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक टाचणवह्यांत सापडत नाही. युद्ध थांबवणारा आदेश प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचला का? जपानी सैन्यातील लेफ्टनंट हिरोओ ओनोदा १९४४ च्या अखेरीस फिलिपिन्समधील लुबांग बेटावर पाठवले गेले आणि मार्च १९७४ मध्ये, त्यांच्या जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन आज्ञा मागे घेतल्यावरच त्यांनी शस्त्र खाली ठेवले. मधल्या काळात त्यांच्या गटाच्या हातून बेटावरचे अनेक रहिवासी मारले गेले. माणसाच्या बाबतीत जे घडले, ते आज्ञा पाळण्यासाठीच बनवलेल्या यंत्राच्या बाबतीत किती वर्षे चालू राहील, आणि त्या यंत्राला दरम्यान जाणीव आली असेल तर दोष कोणाचा, या एका प्रश्नावर अख्खा अंक उभा राहू शकतो.

अभ्यासासाठी रणगाड्यांची माहिती गोळा करत बसण्यापेक्षा युद्ध संपल्यावर काय होते, याची खरी उदाहरणे वाचावीत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ११८ सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवले पाहिजे. मग पकडलेला यंत्रमानव युद्धकैदी ठरतो की जप्त केलेला माल? फ्रान्स आणि बेल्जियममधील शेतकऱ्यांना पहिल्या महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे नांगरताना आजही सापडतात. म्हणजे तुमच्या कथेतही शंभर वर्षांनंतर कोणाला तरी जमीन साफ करावी लागणार आहे, आणि ते काम यंत्रमानवावरच टाकले जाईल. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीनंतर १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला आणि राजकीय हेतूने केलेल्या कृत्यांची संपूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मागण्याची वाट खुली झाली. ज्याची स्मृती बाहेरून वाचता येते, अशा यंत्रमानवाच्या कबुलीला काय अर्थ उरतो? टाचणवहीत किमान असे पाच प्रश्न असावेत, आणि त्यांतले दोन तरी अनुत्तरित असावेत.

इशारा : खऱ्या युद्धातील एखाद्या समाजाचे दुःख ओळखू येईल अशा खुणांसह उचलून यंत्रमानवांवर चढवू नये. प्रश्न घ्यावा, घटना आपली रचावी.

तपासणी : युद्धाविषयी एकही वाक्य न उच्चारता ‘लढाई थांबून किती वर्षे झाली’ हे एका रस्त्याच्या चित्रातून दाखवता येते का, ते करून पाहावे. येत नसेल तर टाचणवही अजून अपुरी आहे.

टप्पा २ : जाणिवेचे आणि स्मृतीचे नियम लिहिणे

मालिका फसण्याचे सर्वांत मोठे कारण या टप्प्यावर असते, म्हणून येथे घाई करू नये. नियम पाच ते सात असावेत, प्रत्येक नियम एका वाक्याचा असावा, आणि पहिले पान रेखाटण्यापूर्वी ते ठरलेले असावेत.

पहिला नियम मनाच्या जागेविषयी. यंत्रमानवाचे मन त्याच्या शरीरातच आहे की दूरच्या एखाद्या केंद्रात? केंद्रात असेल तर शरीर मोडणे ही केवळ गैरसोय ठरते आणि वाचकाला कशाचीच भीती वाटत नाही. दुसरा नियम नकलेविषयी. मनाची जशीच्या तशी प्रत काढता येते का? येत असेल तर मूळ कोण आणि प्रत कोण, हा प्रश्न कथेत कधी ना कधी येणारच, तेव्हा त्याचे उत्तर आधीच ठरवावे. माझा सल्ला असा की प्रत काढणे शक्य ठेवूच नये, किंवा इतके महाग ठेवावे की संपूर्ण मालिकेत ते एकदाच घडेल. मरणाला परतीचे तिकीट मिळाले की युद्धोत्तर कथेतले शोकाचे प्रसंग पोकळ होतात.

तिसरा नियम ऊर्जेचा. येथे खऱ्या आकड्यांचा आधार घेतल्यास कथेला घट्टपणा येतो. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता, तिच्या रसायनानुसार, साधारण ५०० ते १००० पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकदा पूर्ण भारित होऊन पूर्ण रिकामी होणे) मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज पूर्ण भारित होणारा यंत्रमानव म्हणजे दीड ते तीन वर्षांत थकू लागतो. भर उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते आणि चांगले सौरपटल त्यातील साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २०० वॅट, विजेत बदलते. तुमच्या यंत्रमानवाला चालताना ४०० वॅट लागतात असे धरले, तर एक तास चालण्यासाठी त्याला दोन तास उन्हात बसावे लागेल. ‘अणुबॅटरी’ लिहून सुटका करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. अशा बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य (साठा निम्मा होण्याचा काळ) ८७.७ वर्षे आहे हे खरे, पण त्याचा एक किलो साठा सुमारे ५६० वॅट उष्णता देतो आणि अंतराळयानांतल्या औष्णिक-विद्युत यंत्रणेत त्यातली जेमतेम सहा-सात टक्के वीज हाती येते. तेवढ्यावर स्मृती जागी राहील, पाय हलणार नाहीत. वर्षानुवर्षे जागा असलेला आणि हलू न शकणारा यंत्रमानव, हे पात्र या आकडेमोडीतूनच मिळते.

चौथा नियम स्मृतीचा, आणि या विषयाचे मर्म त्यात आहे. फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. वीज न मिळता ती पडून राहिली तर हा भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. म्हणून पडक्या खंदकात अनेक वर्षे बंद पडलेला यंत्रमानव पुन्हा सुरू केल्यावर त्याच्या स्मृतीत खिंडारे असणे अगदी स्वाभाविक आहे. माणूस विसरतो तेव्हा बहुधा आपण काय विसरलो हे त्याला ठाऊक नसते. यंत्रात मात्र माहितीसोबत तिच्या अचूकतेची पडताळणी करणारे संकेतांकही साठवलेले असतात, त्यामुळे मजकूर हरवला तरी ‘येथे काहीतरी होते आणि ते आता वाचता येत नाही’ एवढे त्याला नेमके कळू शकते. आपल्या विस्मरणाची लांबी मिनिटांत माहीत असलेला आणि आशय अजिबात माहीत नसलेला जीव हा या प्रकारच्या कथेचा खरा नायक आहे. त्याची तुलना माणसाशी करत बसण्याऐवजी या वेगळेपणावर प्रसंग रचावेत.

उरलेले नियम दुरुस्तीचे. कोणता भाग आता कुठेच बनत नाही? एकाचा हात दुसऱ्याला बसतो का? बसत असेल तर तो काढून घेण्याची परवानगी कोण देतो? युद्धात कारखाने गेले असतील तर सुटे भाग मृतांकडूनच येणार, ही गोष्ट पहिल्या दोन अंकांत वाचकासमोर यावी.

जाणीव ‘आली’ हे कसे दाखवायचे, याचा निर्णयही येथेच घ्यावा. ‘मला वाटते’, ‘मला वेदना होतात’ अशी वाक्ये यंत्रमानवाच्या तोंडी घातल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण बोलणे हे यंत्राचे सर्वांत सोपे काम आहे. त्याने कोणीही न सांगितलेले, त्याच्या कामाला निरुपयोगी आणि त्याला स्वतःला थोडे नुकसानकारक असे एखादे कृत्य केले पाहिजे. ऊर्जा कमी असताना तो वळसा घालून एका विशिष्ट जागेवरून जातो, एवढेही पुरे.

इशारा : शेवटच्या अंकात नायकाला वाचवण्यासाठी स्वतःचा नियम मोडू नये. नियम मोडावाच लागत असेल तर कथानक बदलावे.

तपासणी : एक पानाचा प्रसंग संवादाविना लिहावा, ज्यात यंत्रमानव असे एक अनावश्यक कृत्य करतो. तो दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा. वाचणाऱ्याने ‘याने असे का केले?’ असे विचारले तर नियम योग्य मार्गावर आहेत. त्याने ‘हा बिघडला आहे का?’ असे विचारले तर कृत्य बदलावे.

टप्पा ३ : पात्रांचे नमुनापट करणे

प्रत्येक यंत्रमानवाचा नमुनापट, म्हणजे समोरून, बाजूने, मागून आणि तीन-चतुर्थांश कोनातून काढलेली चित्रे, एका कागदावर असावा. सर्व पात्रांच्या उंचीचा एक वेगळा तक्ता असावा. चित्र काढताना पहिला विचार त्याच्या युद्धकाळातील कामाचा करावा. जखमींना वाहून नेणाऱ्याचे हात लांब आणि कंबर खाली झुकणारी असेल. सुरुंग शोधणाऱ्याचे वजन पसरट पायांवर विभागलेले असेल. नकाशे सांभाळणाऱ्याला कदाचित पायच नसतील. युद्ध संपल्यावर त्या शरीराला काम उरलेले नाही, हे वाचकाला आकृतीवरूनच जाणवले पाहिजे.

चेहऱ्याबाबत संयम ठेवावा. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले की यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपलेपणा वाढतो, पण जवळजवळ माणूस आणि तरीही माणूस नव्हे अशा टप्प्यावर तो एकदम घसरून अस्वस्थता येते. कॉमिकमध्ये ओठ, दात आणि त्वचा असलेले यंत्रमानवी चेहरे नेमके त्या टप्प्यात अडकतात. दोन दिवे, डोके कलण्याचा कोन, खांद्यांची पातळी आणि हातांची ठेवण एवढ्या साधनांत बहुतेक भावना दाखवता येतात. निर्विकार चेहरा आणि बोलके हात यांचा मेळ या विषयाला फार शोभतो.

तपशिलांचा हिशेब आधीच करावा. २२ पानांच्या अंकात दर पानाला पाच चौकटी धरल्या तर ११० चौकटी होतात. नायक त्यांपैकी निम्म्यांत असला तरी तो एका अंकात ५५ वेळा काढायचा आहे, आणि सहा अंकांत ३३० वेळा. छातीवरच्या ज्या बारा नळ्या नमुनापटावर सुंदर दिसतात, त्या या हिशेबात टिकत नाहीत. साधी आकृती आणि दोन-तीन ठळक खुणा हाच नियम ठेवावा.

आता एक गोष्ट जी जवळपास कोणीच करत नाही : प्रत्येक पात्राची दुरुस्तीची नोंद. तिसऱ्या अंकात डावा हात गेला, चौथ्यात दुसऱ्याचा बसवला, पाचव्यात त्याचा रंग वेगळा, अशी यादी अंक आणि पान क्रमांकासह ठेवावी. माणसाच्या जखमा कथेत भरून निघतात. यंत्रावरचा पोचा कोणी काढेपर्यंत तसाच राहतो, आणि वाचक तो लक्षात ठेवतो.

तपासणी : सर्व पात्रे केवळ काळ्या छायाकृतींत भरून एका ओळीत उभी करावीत. कोणतीही दोन पात्रे एकमेकांसारखी वाटली तर त्यांतले एक पुन्हा काढावे.

टप्पा ४ : अंकांची आखणी

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. टाचणवहीतील प्रश्न समोर ठेवून प्रत्येक अंकाला एक प्रश्न द्यावा. अंकाचा शेवट प्रश्नाचे उत्तर देऊन करावा आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघावा. ‘पुढे काय होईल?’ असे टांगते शेवट प्रत्येक वेळी वापरल्यास वाचक कंटाळतो.

पहिल्या अंकात युद्धाचे पूर्वदृश्य एका पानापेक्षा जास्त नसावे. शक्य असल्यास एकही नसावे. या नियमाला अनेकांचा विरोध असतो, कारण लढाईची चित्रे काढायला उत्साह येतो. पण एकदा युद्ध दाखवले की उरलेली मालिका त्या पानांपेक्षा फिकी वाटते. युद्ध तिसऱ्या किंवा चौथ्या अंकात, आणि तेही एखाद्या पात्राच्या खिंडारे पडलेल्या स्मृतीतून आले तर दुसऱ्या टप्प्यावर ठरवलेले नियम तेथे कामाला येतात.

टप्पा ५ : पानांची पटकथा आणि लघुरेखाटने

मध्ये पिना मारलेल्या अंकाची एकूण पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून आतल्या २४ पानांत २२ पाने कथा आणि दोन पाने शीर्षक व माहिती अशी विभागणी सोयीची पडते. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या अंकात पहिले पान उजव्या हाताला येते. म्हणजे सम क्रमांकाची पाने डावीकडे आणि विषम उजवीकडे. याचे दोन परिणाम कायम लक्षात ठेवावेत. धक्का देणारे किंवा उलगडा करणारे चित्र पान उलटल्यावर, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर यावे. आणि दोन पानांवर पसरलेले मोठे चित्र नेहमी सम पानापासून सुरू व्हावे. पान ७ आणि ८ वर ते पसरवता येत नाही, कारण ती एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. पुढची-मागची माहितीची पाने धरून क्रमांक मोजावेत. ही चूक छपाईच्या आदल्या दिवशी लक्षात आली की अख्खा अंक पुन्हा जुळवावा लागतो.

पटकथेत प्रत्येक चौकटीत एकच क्रिया लिहावी. ‘तो उठतो, दार उघडतो आणि बाहेर पाहतो’ या तीन चौकटी आहेत. नमुन्यादाखल एक पान :

पान ७, चार चौकटी.

चौकट १ : रुंद. बंद पडलेल्या रुग्णवाहक तळाचे दार. आत यंत्रमानव उभा आहे; दोन्ही हात स्ट्रेचर धरल्यासारखे पुढे आलेले. हातांत काही नाही. शब्द नाहीत.

चौकट २ : दारातली बाई, तिच्या हातात घडी घातलेला कागद.
बाई : “माझा भाऊ तुझ्याच स्ट्रेचरवर होता, असं नोंदीत लिहिलंय.”

चौकट ३ : यंत्रमानवाच्या हातांचे जवळचे चित्र. बोटांची पकड तशीच.
यंत्रमानव : “त्या दिवसाची एकोणीस मिनिटं मला वाचता येत नाहीत.”

चौकट ४ : दोघे, मध्ये रिकामी जागा.
बाई : “मग तुला आठवतं काय?”

पान ८, चौकट १ : पानाच्या निम्म्या उंचीची. यंत्रमानवाने हात किंचित खाली केले आहेत.
यंत्रमानव : “वजन.”

उत्तर पान उलटल्यानंतर येते, हात पहिल्या चौकटीपासून दिसत आहेत पण त्यांचा अर्थ शेवटी उमगतो, आणि स्मृतीचा नियम कोणी समजावून न सांगता वाचकाला कळतो. प्रत्येक पानावर एवढी रचना जमेलच असे नाही, पण प्रत्येक अंकात अशी दोन-तीन पाने असावीत.

पटकथेनंतर पाच-सहा सेंटीमीटर रुंदीची लघुरेखाटने करावीत. त्यांत आकृत्या काडीच्या असल्या तरी चालतील, परंतु संवादफुग्यांच्या जागा खऱ्या प्रमाणात आखाव्यात. जो आधी बोलतो, तो शक्यतो डावीकडे असावा. दोन पात्रांचे बोलणे चालू असताना त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडून दृष्टिकोन उलटा करू नये. विशेषतः एकाच बनावटीचे दोन यंत्रमानव समोरासमोर असतील तर वाचकाला कोण बोलत आहे हेच कळत नाही.

तपासणी : सगळी लघुरेखाटने भिंतीवर क्रमाने लावून फक्त चित्रे पाहावीत. शब्दांशिवाय प्रसंग साधारण कळला पाहिजे.

टप्पा ६ : अक्षरे शाईच्या आधी बसवणे

बहुतेक ठिकाणी अक्षरे सर्वांत शेवटी बसवली जातात आणि मग फुगा पात्राच्या हातावर येतो. पेन्सिलचे पान स्कॅन करून त्यावर खरा मजकूर खऱ्या आकारात बसवावा आणि मगच शाई करावी.

देवनागरीचे काही प्रश्न इंग्रजी कॉमिकच्या मार्गदर्शनात सापडत नाहीत. ओळीच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. म्हणून दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण १.३ ते १.५ पट ठेवावे. त्यामुळे तेवढ्याच फुग्यात कमी शब्द मावतात. एका फुग्यात वीसहून अधिक शब्द झाले तर वाक्य तोडावे किंवा दोन जोडफुगे करावेत. जोर देण्यासाठी मोठ्या लिपीची अक्षरे आपल्याकडे नाहीत. तिथे जाड वळण वापरावे, आणि पानात एक-दोनदाच. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नये.

फॉन्ट युनिकोड असावा. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे खुल्या परवान्याचे फॉन्ट संवादांसाठी वापरता येतात, आणि त्यांत पुरेशी वजने आहेत. चित्राच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी सुरू करावी लागते. ती बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर उमटते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. काम सुरू करण्यापूर्वी ‘दुसऱ्या’, ‘सूर्य’, ‘ट्रक’, ‘ॲसिड’, ‘स्थिती’, ‘कृत्रिम’ हे शब्द टाइप करून नीट उमटतात का ते पाहावे. फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आहेत का, हेही त्याच वेळी तपासावे.

यंत्रमानवाचा आवाज वेगळा दाखवण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर टाकण्याची एक सवय आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेघ तुटते आणि शब्द वाचताना डोळा अडखळतो. म्हणून नेहमीच्या बोलण्यासाठी फुग्याचा आकार बदलावा, उदाहरणार्थ कोपरे काटकोनी ठेवावेत, आणि तुटलेली शिरोरेघ फक्त एका जागेसाठी राखून ठेवावी : पात्राची स्मृती प्रत्यक्ष तुटत असताना. मालिकेत ते एकदाच आले तर वाचकाला काही सांगावे लागत नाही.

इशारा : प्रत्येक यंत्रमानवाला वेगळा फॉन्ट देऊ नये. पात्रे वाक्यरचनेतून वेगळी ओळखू यावीत.

टप्पा ७ : शाई, रंग आणि आकार

छापील अंकासाठी १६.८ × २६ सेंटीमीटर हा अमेरिकी कॉमिकचा प्रचलित आकार घेतला, तर मूळ चित्र त्याच प्रमाणात दीडपट काढावे. कडेपर्यंत जाणारे चित्र कापरेषेच्या (जिथे छापील कागद कापला जातो त्या रेषेच्या) बाहेर ३ मिलिमीटर वाढवावे आणि कोणताही फुगा कापरेषेपासून किमान ६ मिलिमीटर आत ठेवावा. रेषाचित्र किमान ६०० डीपीआयला (दर इंचात तेवढे ठिपके) आणि रंगीत पान ३०० डीपीआयला, छापील आकारात असावे. मोबाइलवर उभ्या सरकपट्टीत वाचायची आवृत्ती काढायची असेल तर ते पाचव्या टप्प्यापूर्वी ठरवावे, कारण तिथे पान उलटण्याचा परिणाम उपलब्ध नसतो. पान ८ वरच्या ‘वजन.’साठी तिथे रिकाम्या जागेची लांबी वापरावी लागेल.

रंगांत धूळकट तपकिरी आणि राखाडी यांवर सगळी मालिका उभी करण्याचा प्रघात आहे. तो टाळावा. युद्धानंतर पडक्या जागी गवत येते, गंज केशरी असतो, धूर थांबल्यावर आकाश निवळते. रंग काळासाठी वापरावेत : वर्तमानाला पूर्ण रंगसंगती, आणि स्मृतीतल्या दृश्यांना एक-दोनच रंग, खिंडाराच्या जागी कोरा कागद.

टप्पा ८ : वाचनचाचणी आणि अंतिम फाइल

पहिला अंक जाहीर करण्यापूर्वी दुसरा अंक पेन्सिलमध्ये पूर्ण असावा. दुसरा अंक करताना पहिल्यातले दोन-तीन निर्णय हमखास बदलावेसे वाटतात, आणि ते बदल करण्याची हीच वेळ असते.

टाचणवही न वाचलेल्या दोन व्यक्तींना अंक द्यावा. वाचून झाल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारावेत : युद्ध कशाने संपले असे वाटते, या यंत्रमानवाला सर्वांत जास्त भीती कशाची आहे, आणि कोणत्या पानावर मागे जाऊन पुन्हा पाहावे लागले. पहिल्याचे उत्तर अर्धवट आले तर चांगले. दुसऱ्याचे उत्तर आले नाही तर टप्पा २ कडे परत जावे. तिसऱ्या उत्तरातील पानावर चौकटींचा क्रम किंवा फुग्यांची जागा बदलावी. तिथे निवेदनपट्टी टाकून खुलासा करू नये.

फाइल देताना रंग चार शाईंच्या (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी, म्हणजे सीएमवायके) पद्धतीत असावेत, मजकूर केवळ काळ्या शाईत असावा (चारही शाईंचा काळा वापरल्यास बारीक मात्रा आणि अनुस्वार धूसर होतात) आणि फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट असावेत. छापखान्याकडून एक कागदी नमुना मागवून त्यात सम-विषम पाने, पसरचित्रांचा मधला जोड, रफार आणि उकार, आणि दुरुस्तीच्या नोंदीप्रमाणे प्रत्येक पात्राचे अवयव, या क्रमाने तपासावे. नोंदीतील शेवटची ओळ आणि अंकातील शेवटचे पान जुळले की फाइल छपाईला द्यावी.